तिसरी सुरई कुणी फुंकली?

माझ्या मावशीच्या अंगठ्याला ठसा नाही. बँकेतलं यंत्र तिचा अंगठा घेतं, जरा विचार करतं आणि लाल दिवा लावतं. समोरचा कारकून म्हणतो, "पुन्हा ठेवा." मावशी म्हणते, "पुन्हा ठेवून काय नवीन उगवणार आहे? सही घ्या." आणि सही करते, चांगली टपोरी, शेवटच्या अक्षराखाली रेघ ओढून.

ठसा गेला तो काचेपायी. मावशीनं चौतीस वर्षं काचकारखान्याच्या घासणी विभागात काढली. फुंकून केलेल्या भांड्याचं तोंड आणि मान घडवताना ते बुडाशी एका लोखंडी दांड्याला चिकटवून धरतात. काम झालं की टक्कन तोडून घेतात, आणि तोडल्या जागी बुडावर खरबरीत वण राहतो. तो वण फिरत्या दगडी चाकावर, ओल्या वाळूत धरून घासून काढायचा, बूड आरशासारखं सपाट होईपर्यंत. हे बायकांचं काम. काचेबरोबर बोटंही थोडी थोडी घासली जातात. मावशी सांगायची, "टेबलावर ठेवलेलं भांडं डगमगलं नाही, तर ते आमचं काम. आणि जे डगमगत नाही त्याच्याकडे कोण कशाला बघतंय!"

तिचा स्वभाव कळावा म्हणून एकच गोष्ट सांगते. कारखान्याच्या हजेरीपटात घासणीच्या बायकांपुढे "मदतनीस" असं छापलेलं असायचं. मावशी तेव्हा पंचविशीतली. एका महिन्याला तिनं तो शब्द खोडला आणि वर लिहिलं, "घासणी कारागीर." हजेरी कारकून खवळला. "पट खराब केलात तुम्ही!"

"मी दुरुस्त केला," मावशी म्हणाली.

पुढच्या महिन्यात पुन्हा खोडलं. त्याच्या पुढच्या महिन्यात एकेचाळीस बायकांनी खोडलं. साहेबांकडे बोलावणं झालं, लेखी समज मिळाली, ती मावशीनं घडी करून डब्यात ठेवली. एक वर्ष आणि चार महिने हे चाललं. शेवटी नवा पट छापून आला त्यावर "घासणी कारागीर" होतं. कारकून म्हणाला, "तुमच्यापुढे हात टेकले." मावशी म्हणाली, "टेका, पण काचेवर नको. डाग पडतात."

तर अशा बाईला मी प्रदर्शन बघायला घेऊन गेले. चूक म्हणा की पुण्य म्हणा, ते माझं.

मी एका वाचनालयात काम करते. आमच्याकडे संग्रहालयाचे दोन पास आले होते. फिनलंडमधल्या एका नामवंत डिझायनरचं काम इथे आलं होतं, खुर्च्या, दिवे, कापड, काच. माणूस वारला त्याला चाळीस वर्षं झालेली. पासावर एका निळसर सुरईचं चित्र होतं. ते बघून मला मावशी आठवली.

आधी काकांना विचारलं. काका म्हणजे मावशीचे यजमान. ते त्याच कारखान्यात काच फुंकायचे. नळीचं वजन पेलून पेलून त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली आलाय. कारखाना बंद होऊन अकरा वर्षं झाली, तेव्हापासून ते घरात पाणीसुद्धा स्टीलच्या भांड्यातून पितात. "काच हातात घेतली की दोषच दिसतात," म्हणतात. प्रदर्शनाचं नाव काढल्यावर ते गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालत होते. न वळता म्हणाले, "तुम्ही जा. आयुष्यभर तेच बघितलं."

मग आम्ही दोघीच गेलो.

मोठी दालनं, पांढऱ्या भिंती, पायाखाली लाकडी जमीन, आणि अशी शांतता की मावशीच्या चपलांचा आवाज पाचव्या दालनापर्यंत जावा. सुरुवातीला ती खूश होती. वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्यांपुढे बराच वेळ उभी राहिली. "डोकं होतं हो माणसाला," म्हणाली. "खुर्चीला पाठ कशी असते हे याला कळलं होतं. नाहीतर आपल्याकडच्या खुर्च्या! बसलं की वाटतं, शिक्षा झालीय." कापडावरचे मोठे मोठे ठिपके बघून हसली. दिव्यांखाली मान वर करून उभी राहिली. मला वाटलं, चला, दिवस चांगला चाललाय.

काच चौथ्या दालनात होती. एका लांब पांढऱ्या चौथऱ्यावर नऊ सुरया ओळीनं ठेवलेल्या. उंच मानेच्या, अंगानं भरलेल्या, काही निळसर, काही धुराच्या रंगाच्या. जमिनीवर एक काळी रेघ, तिच्या पुढे जायचं नाही. मावशी रेघेपर्यंत गेली आणि कमरेतून वाकली. भांडं बघायची तिची एक रीत आहे, आधी बूड, मग पोट, मग मान. मी पाटी वाचली. सुरई, क्रमांक एक ते नऊ. काच, हातानं फुंकलेली. संकल्पना आणि निर्मिती, आणि पुढे त्या डिझायनरचं नाव.

"वाच पुन्हा," मावशी म्हणाली.

मी वाचलं.

"निर्मिती?"

"हो, असं लिहिलंय."

शेजारच्या भिंतीवर त्या डिझायनरचा मोठा फोटो होता. कोट, टाय, हातात पेन्सिल, समोर कागद. मावशीनं फोटोकडे बघितलं, सुरयांकडे बघितलं. "टाय लावून भट्टीसमोर उभा राहिला असता तर मिनिटात पेटला असता बिचारा. चित्र यानं काढलं, मान्य. झकास काढलं. पण फुंकलं कुणी?"

"मावशी, इथे 'हातानं फुंकलेली' असं आहे."

"फुंकलेली! म्हणजे आपोआप फुगली?" आणि ती आणखी पुढे वाकली. कुठूनतरी टुंग टुंग असा आवाज सुरू झाला. रखवालदार धावत आला. "आजी, मागे व्हा, रेघेच्या मागे."

"आजी मी माझ्या नातवंडांची," मावशी म्हणाली, पण मागे झाली. "मला एवढं सांगा, ही तिसरी सुरई कुणी फुंकली?"

रखवालदारानं पाटीकडे बोट दाखवलं.

"ते वाचलं. ज्यानं फुंकली त्याचं नाव हवंय. डावखुरा होता तो."

आता मीही तिच्याकडे बघायला लागले. मावशी हळू आवाजात, म्हणजे तिच्या मानानं हळू आवाजात, समजावून सांगायला लागली. मान ओढताना फुंकणारा नळी सतत फिरवत असतो आणि दुसऱ्या हातातल्या चिमट्यानं काच आवळत असतो. त्या फिरण्याचा पीळ मानेत राहतो, केसासारख्या बारीक रेघांचा. आठ सुरयांमध्ये पीळ एका बाजूला चढत होता. तिसरीत उलट. "आमच्याकडे एक डावखुरा होता," ती म्हणाली. "त्याचं बाकडं उलटं मांडावं लागायचं म्हणून सगळे करवादायचे. त्याचा माल हजारात ओळखू यायचा."

मी डोळे बारीक करून बघितलं. खरं सांगायचं तर मला काहीच दिसलं नाही. मग रखवालदारही वाकला, बराच वेळ वाकून राहिला आणि म्हणाला, "अरेच्चा!"

आवाज ऐकून प्रदर्शनाच्या अधिकारी बाई आल्या. पन्नाशीच्या, गळ्यात ओळखपत्र, केस नीट बांधलेले. वागायला सभ्य. मावशीनं प्रश्न पुन्हा विचारला. बाई हसून म्हणाल्या, "त्या काळचे फुंकणारे अज्ञात आहेत."

"अज्ञात कसे?"

"म्हणजे त्यांची नावं माहीत नाहीत."

"कुणाला माहीत नाहीत? त्याच्या बायकोला माहीत असेल. शेजारच्या बाकड्यावरच्याला माहीत असेल. घासणीतल्या बायकांना तर त्याचे सगळे दुर्गुणसुद्धा माहीत असतील. अज्ञात म्हणजे कुणालाच ठाऊक नाही तो. याचं नाव तुम्ही विचारलं नाहीत, एवढंच."

बाईंचं हसू जरा आखडलं. "पाट्यांचा मजकूर तिकडून, फिनलंडहून मंजूर होऊन येतो. मी त्यात काही करू शकत नाही."

"पण विचारू शकता ना?"

बाईंनी घड्याळात बघितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. मी मावशीचा हात धरून तिला बाहेर आणलं. पायऱ्यांवर ती थांबली आणि म्हणाली, "प्रदर्शन किती दिवस आहे?"

"अडीच महिने."

"पुष्कळ झाले."

दुसऱ्या दिवशी ती एकटी गेली. साठीच्या पुढच्यांना कामाच्या दिवशी मोफत प्रवेश होता, ते तिनं जाता जाता वाचून ठेवलं होतं. दहाला दार उघडायचं, सव्वादहाला ही चौथ्या दालनात. येणाऱ्याजाणाऱ्याला पीळ दाखवायची. "ही बघा, आणि आता ती बघा. उलटा आहे की नाही? कुणी केली असेल?" लोक थांबायचे. काचेसमोर माणूस एरवी अर्धं मिनिट उभा राहतो. मावशीपुढे दहा दहा मिनिटं रेंगाळायला लागला. बुडाचा वण कसा काढतात, निववायच्या भट्टीत भांडं घाईनं थंड झालं तर मध्यरात्री कपाटातल्या कपाटात आपणहून कसं फुटतं, असं सगळं ती सांगायची.

आठवड्याभरात अधिकारी बाईंनी तिला नियम दाखवला. परवानगीशिवाय दालनात माहिती सांगायला मनाई.

"बरं," मावशी म्हणाली. "लिहायला मनाई आहे?"

बाहेरच्या टेबलावर अभिप्रायाची वही होती. त्या दिवशी तिनं त्यात एकच ओळ लिहिली, "तिसरी सुरई कुणी फुंकली?" खाली सही, रेघ ओढून. दुसऱ्या दिवशी तीच ओळ. तिसऱ्या दिवशी तीच. पाचव्या दिवशी तिच्या ओळीखाली कुणीतरी परक्या अक्षरात लिहिलं होतं, "मलाही जाणून घ्यायचंय." मग आणखी एकानं. मग एका शाळेची सहल आली, आणि वहीची दोन पानं वेड्यावाकड्या अक्षरांत त्याच प्रश्नानं भरून गेली. मावशी घरी येऊन सांगायची आणि गदगदून हसायची.

काका मात्र हसत नव्हते. एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले तर दोघांचं वाजलेलं होतं. काका खुर्चीत, मावशी स्वयंपाकघराच्या दारात, मधे चहा गार होत चाललेला.

"मी छत्तीस वर्षं फुंकलं," काका म्हणाले. "एकदा तरी नाव मागितलं का? हातातून सुटलं की ते भांडं ज्याचं त्याचं. तू कशाला लोकांच्या दारात जाऊन उभी राहतेस? हसतात लोक."

"हसू दे. दात दिसतील, आणखी काय होणार?"

"अगं, तो माणूस आपल्या ओळखीचा ना पाळखीचा. कुठला कोण!"

"तेच तर म्हणतेय, कुठला कोण ते कळू दे." मावशी दारातून पुढे आली. "तुम्ही नाव मागितलं नाहीत अहो, कारण तुम्हाला वाटलं मागून मिळणार नाही. त्याला तुम्ही मोठेपणा म्हणताय."

काकांनी गार चहाचा कप पुढे सरकवला. मी कप उचलायचं निमित्त करून आत गेले. मग काकांचा आवाज आला, "उलटा पीळ आहे म्हणतेस? तुझी नजर आता पूर्वीची राहिली नाही."

"मग तुमची घेऊन चला."

दुसऱ्या दिवशी ते गेले. मी अर्धी रजा टाकली, हा सोहळा चुकवायचा नव्हता. अकरा वर्षांत काका पहिल्यांदा काचेपुढे उभे राहत होते. इस्त्रीचा शर्ट घातला होता. नऊ सुरयांपुढून ते सावकाश गेले, परत आले, तिसरीपाशी थांबले. दोन्ही हात पाठीमागे. आणि त्या पाठीमागच्या हातांत, बघते तर, डावा हात अदृश्य नळी फिरवत होता. काका उजव्या हाताचे. उलटं फिरवून बघत होते.

"डावखुराच," ते शेवटी म्हणाले. "आणि भट्टी त्या दिवशी जरा मंद होती. खांद्यापाशी काच जाड राहिलीय बघ, ओढायला आलीच नाही. तरी मान सरळ काढलीय पठ्ठ्यानं." मग काही वेळानं, स्वतःशी बोलावं तसं, "हा मन लावून करायचा."

मावशीनं माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याचा अर्थ, आता तू कामाला लाग.

त्या रात्री नाही, पण त्या आठवड्यात मी पत्र लिहायला बसले. फिनलंडमधल्या ज्या गावातल्या कारखान्यात त्या सुरया झाल्या तिथे आता काचेचं एक छोटं संग्रहालय आहे, एवढं मी शोधून काढलं. पत्र इंग्रजीतून मी लिहिलं, पण मजकूर मावशीचा. मी लिहिलं होतं, "आम्हाला नम्रपणे जाणून घ्यायला आवडेल." मावशीनं विचारलं, याचा अर्थ काय? मी सांगितला. म्हणाली, "नम्रपणे काढ. आवडेलही काढ. जाणून घ्यायचंय, एवढं पुरे." पिळाचं, जाड खांद्याचं, मंद भट्टीचं सगळं लिहायला लावलं. काकांनी एका कागदावर सुरई काढून पिळाच्या दिशा बाणांनी दाखवल्या, तोही कागद जोडला.

इकडे अभिप्रायाची वही टेबलावरून गेली. दोरीला बांधलेलं पेन तेवढं लोंबत राहिलं. मावशीनं त्या दिवशी तक्रारीचा छापील अर्ज मागून घेतला. "तक्रारीचे स्वरूप" या रकान्यात लिहिलं, "तिसरी सुरई कुणी फुंकली?" अर्जाला उत्तर देणं त्यांना बंधनकारक होतं, कारण अर्जाच्या खाली तसं छापलेलंच होतं. रोज एक अर्ज. सतरा अर्ज झाले. अठरावा लिहीत असताना अधिकारी बाई स्वतः खाली आल्या, तिच्या शेजारी बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "तुम्हाला माझ्याकडून नक्की काय हवंय? मी मनात आणलं तरी माझ्याकडे ते नाव नाही हो."

"हे तुम्ही पहिल्या दिवशी म्हणाला असता तर मी घरी गेले असते," मावशी म्हणाली. "तुम्ही म्हणालात, अज्ञात."

बाईंनी तिच्या हातातल्या अर्धवट अर्जाकडे बघितलं. मग त्यांनी विचारलं, "तो पीळ मला दाखवता का?"

परवानगी देणारीच विचारतेय म्हटल्यावर मावशीनं दाखवला.

उत्तर यायला साडेतीन आठवडे लागले. मी वाचनालयातून थेट मावशीकडे गेले. चपला न काढताच आत गेले म्हणून ओरडा खाल्ला, मग वाचायला सुरुवात केली. पत्र तिथल्या एका निवृत्त नोंदणीकार बाईंचं होतं. त्यांनी तळघरातल्या जुन्या रोजवह्या काढल्या होत्या. नऊ सुरयांपैकी सहांच्या नोंदी सापडल्या, तिघींच्या नाहीत. कारखान्यात एकाच आडनावाचे इतके जण होते की वहीत माणसं टोपणनावानं लिहायची पद्धत होती. पहिली आणि चौथी सुरई "पाद्री" नावाच्या माणसाची, तो म्हणे कधीही शिवी द्यायचा नाही. सहावी, सातवी आणि नववी "जावयाची."

"आणि तिसरी?" काकांनी विचारलं. ते उठून उभे राहिले होते.

मी ओळीवर बोट ठेवलं. "तिसरी, 'डावरा.'"

मावशीनं टाळी वाजवली. एकच, मोठी. काका पुन्हा खुर्चीत बसले. खाली लिहिलं होतं की त्या दिवसाच्या पानावर समासात भट्टीबद्दल शेरा आहे, कोळसा ओला, आच कमी. आणि त्या नोंदणीकार बाईंनी विचारलं होतं की पाठीमागच्या गल्लीत डावऱ्याची मुलगी अजून राहते, हे पत्र तिला वाचून दाखवलं तर तुमची हरकत आहे का? टोपणनावांसोबत खरी नावंही त्यांनी दिली होती, लांबलचक, मधल्या अक्षरांवर दोन दोन टिंबं असलेली. काका ती हळूहळू जुळवून म्हणायला लागले.

मी पुढे वाचायला लागले आणि थांबले.

"काय झालं?" मावशी म्हणाली. "वाच."

मी पत्रात घासणीबद्दलही विचारलं होतं, मावशीला न सांगता. उत्तरात एकच ओळ होती. घासणी विभागातल्या बायकांच्या नोंदी कारखान्यानं ठेवल्या नव्हत्या.

मी ते वाचलं. मावशी आपल्या बोटांकडे बघत राहिली. आजवर मी तिला रडताना पाहिलं नव्हतं आणि त्या दिवशीही पाहिलं नाही. शेवटी काका म्हणाले, "अगं, चहा ठेवू का?"

"तिकडेही," ती म्हणाली. मग उठली. "चहा नंतर. आधी ते पत्र दे."

संग्रहालयात अधिकारी बाईंनी पत्र दोनदा वाचलं. या वेळी त्यांनी घड्याळ बघितलं नाही. तिकडे फोन करते, म्हणाल्या, आणि खरंच केला. चार दिवसांनी त्यांनी आम्हाला बोलावलं. मंजुरी आली होती. संकल्पना या शब्दापुढे डिझायनरचं नाव राहील, "निर्मिती" काढायचं, आणि खाली "फुंकणारे" म्हणून सहा सुरयांना नावं. उरलेल्या तिघींपुढे काय लिहायचं, तेवढं ठरत नव्हतं.

"आणि घासणी?" मावशीनं विचारलं.

"त्यांची तर नोंदच नाही ना," बाई म्हणाल्या. "अज्ञात लिहू आपण, तिन्ही सुरयांना आणि घासणीलाही."

"नाही."

"मग काय लिहायचं?"

"जे झालं ते. 'नोंद ठेवली नाही.'"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मावशी, असं लिहिलं तर कुणावर तरी ठपका ठेवल्यासारखं होतं."

"मग ठेवा की. अज्ञात लिहिलं तर ठपका त्या बायांवर येतो. जणू त्याच कुठे नाव न सांगता पळून गेल्या. त्या रोज वेळेवर येत होत्या. वही ज्याच्या हातात होती त्यानं लिहिलं नाही."

बाई उठून खिडकीपाशी गेल्या. खाली अंगणात कुणीतरी खोकी उतरवत होतं, त्याचा धडधड आवाज येत होता. "फुंकणाऱ्या तिघांचं ते पान हरवलेलं असू शकतं," त्या म्हणाल्या. "तिथे 'नोंद सापडली नाही' लिहू. ते खरं आहे."

"ते खरं आहे," मावशी म्हणाली.

"आणि घासणीला तुमचं वाक्य. पण हे मी माझ्या जबाबदारीवर करतेय."

"जबाबदारी घेणारं माणूस भेटलं म्हणजे झालं. मी तेच शोधत होते."

प्रदर्शन संपायला नऊ दिवस उरले होते तेव्हा नवी पाटी लागली. तिच्यात डावऱ्याच्या खऱ्या नावातली दोन टिंबं राहून गेली होती. मावशीनं पाटी परत करायला लावली. दुसऱ्या दिवशी टिंबांसकट आली. काका रोज जायचे त्या नऊ दिवसांत, मावशीपेक्षा लवकर. तिसरीपुढे उभ्या असलेल्या कुणालाही ते नाव मोठ्यानं वाचून दाखवायचे, आणि आता त्यांना कुणी अडवत नव्हतं.

मग प्रदर्शन पुढच्या शहरात गेलं. मी आपली उत्सुकता म्हणून तिथे फोन लावला. फोनवरच्या माणसानं सांगितलं की त्यांच्या पाट्या आधीच छापून ठेवल्या होत्या, जुन्याच मजकुराच्या. त्याच लावल्यात.

हे मावशीला सांगायचं माझ्या जिवावर आलं. शेवटी सांगितलं. ती भाजी निवडत होती. हात थांबले नाहीत.

"तिथे बस जाते का?" तिनं विचारलं.

"जाते. सहा तास लागतात."

"बरं." तिनं एक कुजकं पान बाजूला टाकलं. "अहो, ऐकलंत का?"

काका गॅलरीतून आत आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं, कारण माळ्यावरची बॅग त्यांच्या हातात होती आणि ते तिच्यावरची धूळ फडक्यानं झटकत होते.

मंगळवारी ते दोघं गेले. मुक्काम तिथे राहणाऱ्या कारखान्यातल्या एका जुन्या मैत्रिणीकडे, तीही घासणीतलीच. तिथल्या लोकांनी नियम दाखवले, मंजुरी दाखवली, वरिष्ठ गावाला गेलेत म्हणून सांगितलं. इथल्या अधिकारी बाईंनी आपणहून पत्र पाठवलं, त्याचाही उपयोग झाला. अकराव्या दिवशी पाटी बदलली. मी फोनवर मावशीला विचारलं, "फार बोलावं लागलं का तुला?"

"मला?" मावशी म्हणाली. "मला तोंड उघडायला कुठे मिळालं! पहिल्या दिवशी दार उघडल्या उघडल्या हे सरळ आत गेले आणि रेघेपाशी उभं राहून एवढ्या मोठ्यानं विचारलं की दालनातला जो तो वळला. छत्तीस वर्षांचा साठवलेला दम आहे तो, त्याला कोण अडवणार?"

मागे काकांचा आवाज ऐकू येत होता. ते कुणालातरी नावातल्या टिंबांचा उच्चार कसा करायचा ते शिकवत होते.